पिकअपला मोठे टायर बसवण्यापूर्वी

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीच्या जनावरांच्या बाजारात मालवाहतूक पिकअपमधूनही होते. टायर बदलताना लक्षात ठेवायची माहिती:

- माप (२१५/७५ आर १५): रुंदी २१५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल, रिम १५ इंची.
- फरक: २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ मिमी, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मिमी. गाडी साधारण १५ मिमी उंच होते.
- वेग: मूळ काटा अचूक असल्यास ६० दाखवताना प्रत्यक्ष वेग ताशी सुमारे ६२.५ किमी. चढावर ओढ कमी पडते.
- भार निर्देशांक: १०० म्हणजे प्रतिटायर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००. आरसी बुकातील भारमर्यादा टायर मोठे केल्याने वाढत नाही.
- वय: टायरवरील ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.
- तपासणी: स्टिअरिंग पूर्ण वळवून व गाडी भरून टायर मडगार्डला घासतो का, ते पाहावे. स्टेपनी त्याच मापाची हवी.
- कायदा: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करता येत नाही.