मैदानावरील व्यक्तिचित्र

छायाचित्रकारासमोर बसण्याची आपली जुनी रीत वाचकांच्या परिचयाची आहे. खुर्चीवर ताठ बसावें, हात मांडीवर ठेवावे, श्वास रोखावा. चित्रांत पगडी आणि शालजोडी उत्तम येते, माणूस येतोच असें नाहीं. खेळाडूंच्या चित्रांचीहि पूर्वीं हीच गत होती. बॅट टेकून पुतळ्यासारखे उभे असलेले गृहस्थ खेळतात कसे, हें चित्रावरून कधींच कळत नसे.

ही रीत ज्यांनीं मोडली त्यांत इंग्लंडचे जॉर्ज बेल्डम (१८६८–१९३७) यांचें स्थान मोठें आहे. ते स्वतः मिडलसेक्सकडून क्रिकेट खेळत. सी. बी. फ्राय यांच्या सहकार्यानें त्यांनीं १९०५ सालीं ‘ग्रेट बॅट्समेन’ हा ग्रंथ काढला. त्यांत प्रत्यक्ष खेळतांनाचीं सहाशें छायाचित्रें आहेत. आपले रणजितसिंहजीहि त्यांत आहेत. परंतु बेल्डम यांच्या ज्या चित्रास पुढें अमाप कीर्ति लाभली, तें ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टर ट्रंपरचें. डावा पाय पुढें झेपावून जमिनीपासून सुटलेला, बॅट मागें उंच गेलेली. टोला अजून बसावयाचाच आहे.

हाच क्षण कां? थोडें गणित करूं. ताशीं ८० मैल वेगाचा चेंडू सेकंदास सुमारें ११७ फूट जातो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यांत तो सव्वादोन फुटांहून अधिक सरकतो आणि काचेवर केवळ एक धूसर पट्टा उरतो. हजारावा भाग उघडी राहिली तरी जवळजवळ दीड इंच सरकतोच. टोला हाणतांना बॅटचीहि हीच कथा. पण वर फेकलेला दगड खालीं वळण्यापूर्वीं जसा निमिषभर थांबतो, तशी मागें गेलेली बॅटहि थबकते. तेथें झडपेस सवड मिळते, आणि पाहणाऱ्याच्या मनासहि. कारण तो टोला मग आपणच पुरा करतों. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत कालिदासानें पळतें हरिण टिपलें तेंहि असेंच, भुईपेक्षां आकाशांतच अधिक.

यावर एक आक्षेप आहे, व तो क्षुल्लक नव्हे. हें चित्र सामन्यांतील नाहीं. ट्रंपरनें तो फटका कॅमेऱ्यासाठीं मुद्दाम खेळून दाखविला. मग तें खोटें कीं काय? मला तसें वाटत नाहीं. सीमेबाहेरून त्या काळच्या कॅमेऱ्यांत खेळाडू मुंगीएवढा दिसे. जवळ जावयाचें तर सामना सोडणें भाग होतें. शाळेंत मुलास फळ्याजवळ बोलावून आम्ही गणित घालीत असूं. गणित आमचें, सोडविण्याची रीत मात्र त्याचीच असे, आणि तींतच मुलगा दिसे.

प्रकाशाविषयीं एवढेंच, कीं भर दुपारीं टोपीच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरा हरवतो. सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन बरें.

आजचे कॅमेरे सेकंदास वीस-वीस चित्रें काढतात. परवां आमच्या नातवानें पटांगणावरील सामन्याचीं दोनशें चित्रें आणून दाखविलीं. बहुतेकांत चेंडू होता. एकांत त्याचा मित्र पुढें सरसावलेला, ओठ घट्ट मिटलेले, बॅट वर. तें मीं पुन्हां मागितलें. त्यांत चेंडू नाहीं म्हणून चिरंजीव तेंच पुसून टाकीत होते.