शेजारच्या घराखालची माती

मिरामारच्या पुळणीवर बसून हातांनी खड्डा खणण्याचा खेळ आपणांपैकी कोण खेळला नसेल? वरची कोरडी वाळू कितीही उपसली तरी पुन्हा घसरून आत येते. तिच्याखालची ओलसर वाळू लागली म्हणजे मात्र खड्ड्याची भिंत उभी राहते, व आपणांस वाटते की आता हवे तितके खोल जाता येईल. परंतु कोपरभर खोल जातो न जातो तोच तळाशी पाणी झिरपू लागते, भिंतीचा पायथा ढासळतो, आणि शेजारी ज्याने वाळूचा किल्ला रचलेला असेल त्याच्या तटाला भेग पडून भांडण जुंपते. दाटीच्या शहरांत खोल तळघरे बांधणाऱ्या स्थापत्यविशारदांपुढे नित्य उभा असणारा प्रश्न हाच होय. फरक इतकाच की त्यांचा खड्डा शंभर फुटांहूनही खोल असू शकतो, आणि शेजारच्या किल्ल्यात माणसे राहत असतात.

जमिनीत इतके खोल उतरण्याची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. शहरात वर जागा उरलेली नाही. मोटारी उभ्या करावयाच्या, रेल्वे न्यावयाची, तर खालीच जावे लागते.

आता माती ही काय वस्तू आहे ते पाहू. श्रीखंड करावयाचे असले म्हणजे घरी दही फडक्यात बांधून टांगतात. पाणी थेंब थेंब गळते व गोळा हळूहळू लहान होत जातो. फडक्यावर वजन ठेवले तर तो अधिकच चेपतो, पण एका क्षणात नव्हे; पाण्याला बाहेर पडण्यास जितका वेळ लागेल तितका वेळ घेऊन. ओल्या चिकणमातीची रीत हीच आहे. तिच्यावरील भाराचा काही भाग मातीचे कण पेलतात, काही कणांमधले पाणी पेलते. पाणी निघून गेले की त्याच्या वाट्याचा भार कणांवर पडतो, कण एकमेकांजवळ सरकतात आणि वरची जमीन खचते. कार्ल तेर्झागी या शास्त्रज्ञाने इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना अगदी घरगुती साधनांनी प्रयोग करून हे तत्त्व गणितात बसविले व १९२५ मध्ये आपल्या जर्मन ग्रंथात मांडले. तोपर्यंत पाया घालणे हे बहुतांशी अनुभवाचे काम होते. तेर्झागीनंतर ते शास्त्र झाले. अर्थात अनुभवाला त्यामुळे रजा मिळाली असे मात्र कोणी समजू नये.

खोल खड्डा खणताना तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. माती काढून घेतल्यामुळे तळावरचे ओझे कमी होते व तळ वर फुगू पाहतो. बाजूची माती आत झुकते. आणि खड्ड्यातील पाणी उपसले तर भोवतालच्या जमिनीतील पाणीही उतरते. या तिन्हींचा परिणाम भोगावा लागतो तो शेजारच्या घराला.

लंडनमधील एक उदाहरण घेऊ. ज्याला आपण सारे बिग बेन म्हणतो तो घड्याळाचा मनोरा १८५९ मध्ये पुरा झाला. त्याची उंची ९६ मीटर. १९९० नंतरच्या दशकात ज्युबिली नावाच्या भुयारी रेल्वेसाठी मनोऱ्यासमोरच्या रस्त्यापलीकडे वेस्टमिन्स्टर स्थानक खणावयाचे ठरले. खड्ड्याची खोली सुमारे ३९ मीटर! एक घनमीटर माती अजमासे दोन टन भरते. म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवरून ७० टनांहून अधिक ओझे उचलले जाणार होते. त्यातच जुनी रेल्वे त्या जागेवरून चालू ठेवावयाची होती.

अशा ठिकाणी आधी खड्डा व मग भिंत हा क्रम चालत नाही. आधी भिंत, मग खड्डा. पण जमिनीत भिंत घालावयाची कशी? मीटरभर रुंदीचा अरुंद चर खणीत जातात आणि खणतानाच तो बेंटोनाइट नावाच्या मातीच्या पातळ राबडीने भरून ठेवतात. (ही माती आपल्याकडे कच्छ व राजस्थानात सापडते.) राबडीचा दाब चराच्या बाजूंना आतून रेटा देतो, तिचा बारीक थर बाजूंवर बसतो, आणि चर कोसळत नाही. पुरेशी खोली झाली की त्यात लोखंडी सळ्यांचा पिंजरा सोडतात व लांब नळीने अगदी तळापासून काँक्रीट ओततात. काँक्रीट जड, राबडी हलकी. ती वर ढकलली जाते, पंपाने काढून घेतात व गाळून पुन्हा वापरतात. मिलान शहराची १९६४ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे याच युक्तीने रस्त्यांखालून नेली. मला तर ही युक्ती विलक्षण वाटते: माती कोसळू नये म्हणून मातीचाच आधार!

भिंती झाल्या की वरचे छत आधी घालतात व त्याच्याखाली खणत जातात. प्रत्येक मजल्याची फरशी दोन्ही भिंतींमधला आडवा टेकू होते. वेस्टमिन्स्टरला असेच केले. तरीही मनोरा थोडा कलणार, हे गणिताने आधीच सांगितले होते. म्हणून इंपीरियल कॉलेजचे प्राध्यापक जॉन बरलंड व त्यांचे सहकारी यांनी मनोऱ्याच्या पायाखालच्या चिकणमातीत पंख्याच्या काड्यांसारख्या लांब आडव्या पोलादी नळ्या घातल्या. नळ्यांना ठिकठिकाणी छिद्रे होती. मनोऱ्यात ओळंबा लावलेला होता. तत्त्वाने आपल्या गवंड्याचाच, फक्त अत्यंत सूक्ष्म. खणताना कल ठरलेल्या मर्यादेकडे सरकू लागला की नेमक्या छिद्रांतून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने सोडावयाचे, जेणेकरून खचणारी बाजू किंचित उचलली जाई. काही मिलिमीटरांचा हा हिशेब दीड वर्षाहून अधिक काळ चालला. स्थानक १९९९ च्या अखेरीस खुले झाले. घड्याळाला इजा झाली नाही.

याच बरलंड यांनी पीसाच्या कलत्या मनोऱ्याच्या कामातही भाग घेतला होता. तेथे उपाय नेमका उलट. मनोरा दक्षिणेकडे कललेला, म्हणून उत्तरेच्या बाजूखालून १९९९ ते २००१ या काळात सुमारे ३८ घनमीटर माती हलक्या हाताने काढून घेतली, व मनोरा अर्धा अंश मागे आला.

परंतु सर्वच कथा अशा सुखान्त नाहीत. सिंगापूर येथे २० एप्रिल २००४ रोजी भुयारी रेल्वेसाठी चाललेला सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळला, शेजारचा निकोल हायवे खचला व चार माणसे प्राणांस मुकली. त्यांतील एका फोरमनचा देह कधीच हाती आला नाही. चौकशीत आढळले की टेकू व भिंत यांमधील जोड हिशेबात चुकले होते. त्याहून दुःखद गोष्ट अशी की भिंत सरकत असल्याचे मापनयंत्रे कित्येक दिवस सांगत होती, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तेव्हा काम थांबविण्याऐवजी मर्यादाच वाढवून घेण्यात आली. पाऱ्याची खूण पुसून ताप उतरतो काय?

मुंबईत गिरगाव व काळबादेवी या जुन्या वस्त्यांखालून जाणारी ३३.५ किलोमीटर लांबीची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पुरी झाली. तेथे खाली खडक, म्हणून प्रश्न निराळा. पण वर शंभरीला टेकलेल्या इमारती. काही पाडाव्या लागल्या व त्यांतील कुटुंबांस अन्यत्र हलवावे लागले. यंत्रांत ज्यांची नोंद होत नाही अशा गोष्टीही खचतात, हे गिरगावकरांना विचारावे.

मला या विषयाची गोडी लागली ती मात्र पुस्तकातून नव्हे. माझ्या मावशीचे घर खाडीकाठच्या भरावावर आहे. काही वर्षांपूर्वी शेजारी तळघर खणावयास घेतले. पंप रात्रंदिवस चाले. मावशीच्या विहिरीचे पाणी उतरले, आणि एके सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीत केसाएवढी भेग दिसली. मावशी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. तिने भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारली व बाजूला तारीख लिहिली. पुढच्या रविवारी भेग रेघेपलीकडे गेलेली; तिने नवी रेघ मारली. अशा सात रेघा झाल्यावर तिने बांधकामावरच्या इंजिनिअरला हाताला धरून आणले व भिंतीसमोर उभे केले. तो भला माणूस होता. बराच वेळ त्या तारखा वाचीत राहिला. पंप त्याच दिवशी मंद केला गेला, उपसलेले पाणी चर काढून विहिरीच्या बाजूला जिरविले गेले, आणि तळाची फरशी होईपर्यंत तो दर रविवारी येऊन भिंत पाहून जाई.

नंतर घराला दोनदा रंग झाला. भिंतीचा तेवढा हातभर तुकडा मावशीने रंगवू दिला नाही. आठव्या रेघेपाशी भेग थांबलेली आहे.