संधिवाताचा ताप : दुखणे गुडघ्याचे, घाव हृदयावर

मुलाचा गुडघा सुजला की घरातील वडीलधारी मंडळी 'वाढत्या अंगाचे दुखणे' म्हणून तेल चोळतात. दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा सुजतो. अंगात तापही असतो. अशा वेळी तेलाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. कारण हा 'रुमॅटिक फीव्हर' म्हणजेच संधिवाताचा ताप असू शकतो.

शरीरातील अवयवांना आधार देणाऱ्या व सांधून ठेवणाऱ्या भागास संयोजी ऊती म्हणतात. या रोगात त्यांचा दाह होतो. सुरुवात मात्र घशापासून होते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा दुखतो व बराही होतो. परंतु त्या जंतूशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिद्रव्ये, साम्यामुळे फसून, दोन-तीन आठवड्यांनी आपल्याच सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवर हल्ला करतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा रोग विशेष आढळतो. सांधे पूर्ववत होतात. झडपा मात्र जाड होऊन आकसतात किंवा गळू लागतात. कित्येक स्त्रियांना हे प्रथम कळते ते गरोदरपणी दम लागू लागल्यावर.

हा जंतू खोकल्या-शिंकेवाटे पसरतो, म्हणून दाटीची वस्ती त्याला सोयीची. वरळी, नायगाव येथे १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत पिढ्यान्‌पिढ्या अख्खी कुटुंबे राहिली. तेव्हा हा रोग नशिबाचा नव्हे, जागेच्या टंचाईचा आहे.

उपचार साधे आहेत. जंतू मारण्यासाठी पेनिसिलीन, सांध्यांसाठी ॲस्पिरिन, हृदयाला जास्त सूज असल्यास स्टिरॉइड. सर्व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. हृदयाची सोनोग्राफी करून झडपा तपासतात. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन किमान पाच वर्षे, आणि झडप बिघडली असल्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ घ्यावे लागते. पेनिसिलीन सोसत नसल्यास दुसरे औषध मिळते.

खरी अडचण येथेच आहे. मूल खेळू लागले की इंजेक्शन बंद होते. कर्जाचा हप्ता चुकला तर दंड भरून भागते. ही तारीख चुकली तर रोग उलटून झडप आणखी बिघडते. परळच्या केईएम रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली. विज्ञान तेथवर पोहोचले; पण मुलाचे हृदय राखण्यासाठी त्याआधी एक स्वस्त इंजेक्शन पुरते. विद्यार्थ्यांनी घरातील दिनदर्शिकेवर त्या तारखांना खूण करावी आणि घसा दुखून ताप आल्यास तो अंगावर काढू नये.