पाणी थांबू नये म्हणून

पहाटे 4:30
तळघरात पंप सुरू होतो. मामा आधी त्याचा आवाज ऐकतात, मग टॉर्च मारून गळती बघतात. जिल्ह्याच्या गावचं हे दोनशे खाटांचं हॉस्पिटल. इथं वॉर्डातली बाई मावशी आणि पुरुष मामा. हे मामा प्लंबरही आहेत आणि पंप ऑपरेटरही. पगार कंत्राटदाराकडून येतो. कापून हातात पंधरा हजारांच्या आसपास पडतात. पाने, करवत, टॉर्च त्यांचं स्वतःचं.

रात्री पाऊस झालाय, त्यामुळे नगरपालिकेचं पाणी गढूळ आलंय. गच्चीवरची टाकी 50,000 लिटरची. हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे सव्वाशे ग्रॅम. मामा पावडर तोलून बादलीत कालवतात. नाकातोंडाला रुमाल असला तरी डोळे चुरचुरतातच. चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. मग अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन लवकर संपतो, म्हणून पावसाळ्यात नुसत्या मापावर विसंबता येत नाही.

5:20
तिसऱ्या मजल्यावरचा शेवटचा नळ. ओटी टेस्टची छोटी नळी, दोन थेंब, आणि पाणी पिवळं होतं. रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा. नंतर तो गडद होत जातो, तो धरायचा नाही. क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. 0.2 च्या खुणेशी रंग जेमतेम जुळतो. मामा पुन्हा गच्चीवर जाऊन आणखी थोडी निवळी सोडतात. गच्ची चार मजल्यांवर आहे आणि लिफ्ट या वेळी बंद असते.

5:50
डायलिसिसचा आरओ प्लांट. याच पाण्यातून आता तोच क्लोरीन काढून टाकायचा आहे. पाणी वाळूच्या टाकीतून कोळशाच्या टाकीत जातं, मग सॉफ्टनर, मग पाच मायक्रॉनचं कार्ट्रिज, मग मेम्ब्रेन. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर, चार तासांत 120 लिटर पाणी जातं. त्याच्या आणि माणसाच्या रक्ताच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, तेवढाच. क्लोरीन तिथवर पोचला तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कोळसा तो शोषून घेतो. पण कोळशाच्या पुढं पाण्यात जंतूंना रोखणारं औषधच उरत नाही. एखादा जंतू मेम्ब्रेनपलीकडं गेला, की पाइपात त्याला मोकळं रान. म्हणून तिथलं पाणी चोवीस तास फिरतं ठेवतात. दिवसभर मामांबरोबर फिरताना मला या प्लांटची सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

टेक्निशियन कोळशाच्या टाकीनंतरच्या पाण्यात पट्टी बुडवतो. एकूण क्लोरीन 0.1 च्या खाली हवा. पट्टी पांढरीच राहते. वहीत वेळ आणि सही. बाहेर बाकावर पहिल्या पाळीचे पेशंट बसलेत. एक आजोबा रात्रीच्या एसटीनं येऊन स्टँडवर झोपले होते.

"मामा, पाणी बरंय ना?"

"बरंय बाबा. चला आत."

7:15
दुसऱ्या मजल्यावरच्या एका वॉर्डाचं दुरुस्तीचं काम रखडलंय. वॉर्डात पेशंट नाहीत, पण पाइपात पाणी आहे. मामांच्या खिशात अशा नळांची यादी असते. एकेक नळ उघडून पाच मिनिटं सोडायचा. वापरात नसलेल्या नळातलं पाणी थांबतं, थांबलेल्या पाण्यातला क्लोरीन उडतो, आणि पाइपाच्या आत बुळबुळीत थर धरतो. त्या थरात जंतूंची वस्ती होते. वरून कितीही टीसीएल टाका, थराच्या आत तो नीट पोचत नाही.

शॉवर उघडण्याआधी मामा मास्क लावतात. कोपरा कापलेली प्लास्टिकची पिशवी शॉवरवर चढवून दोरीनं बांधतात. पाणी कोपऱ्यातून खाली पडतं, तुषार उडत नाहीत. लिजिओनेला हा जंतू तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यानंतर त्यानं जवळपास तीस माणसं मारली. त्या संघटनेवरूनच त्याचं नाव पडलं. मामांना हा इतिहास ठाऊक नाही, पिशवी मात्र ते पक्की बांधतात.

गरम पाण्याच्या नळाखाली थर्मामीटर धरतात. एक मिनिट. 41 अंश. मामांच्या कपाळावर आठी. टाकीत 60 आणि नळाला 50 हवं. 25 ते 45 मध्ये हा जंतू सुखानं वाढतो. छतावर सोलर आहे आणि आभाळ गच्च भरलंय. मामा ऑफिसात जाऊन हीटर लावायची परवानगी मागतात. विजेच्या बिलावर थोडी चर्चा होते. हीटर लागतो.

9:40
चहा. तेवढ्यात ओपीडीतून फोन, फ्लश वाहतोय. चहा अर्धाच राहतो.

11:00
मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम लिजिओनेलाच्या तपासणीसाठी बाटल्यांचा खोका घेऊन येतात. काही खोल्यांच्या नळांना काल रात्रीच कागद बांधून ठेवले होते, 'उघडू नये'. पिण्याचं पाणी तपासताना नळ आधी वाहू देतात. इथं पहिलंच पाणी धरायचं, कारण शोध नळाच्या तोंडाशी बसलेल्या जंतूंचा आहे. बाटलीत थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. ते क्लोरीन मारतं, नाहीतर लॅबपर्यंत जाईस्तोवर जंतू मरतील आणि रिपोर्ट खोटा येईल.

"मामा, तुम्ही फक्त हळू उघडा. मी म्हणेन तेव्हा बंद."

लिजिओनेलाची प्लेट कोळसा घातलेली, काळीभोर असते. दहा दिवस ठेवावी लागते. दहा दिवस या खोल्यांचे शॉवर बंद.

दुपारी 2:00
ड्यूटी इथं संपते. दुसऱ्या पाळीची जागा रिकामी आहे, म्हणून मामा डबा खाऊन परत येतात.

2:30
एनआयसीयू. आत काचेच्या पेट्यांत कमी वजनाची बाळं. बेसिन हात धुण्यासाठी आहे, पण आउटलेटच्या जाळीत भाताची शितं अडकलीत. कुणीतरी डबा धुतलाय. सिस्टर चिडलेल्या. मामा नळाच्या तोंडाची जाळी पान्यानं सोडवतात आणि माझ्या हातावर ठेवतात. बाहेरून ती चकचकीत आहे. आतून नख फिरवलं तर नखावर करडा, लिबलिबीत थर येतो. स्यूडोमोनास हा जंतू अशा जागी राहतो. 2011-12 च्या हिवाळ्यात उत्तर आयर्लंडमध्ये नवजात शिशूंच्या विभागांत त्यानं चार बाळं नेली. तपासात तो नळांत सापडला होता.

जाळी परत बसवायची नाही, असं आता ठरलंय. पाणी थोडं उडतं, ते चालेल.

4:10
रखडलेल्या वॉर्डामागे भिंतीतून आलेला हातभर पाइप. कधीकाळी तिथं बेसिन होतं. आता पुढं काही नाही, नुसतं कोंडलेलं पाणी. मामा कॉक बंद करतात आणि करवत लावतात. पाइप पार मुळाशी, टीच्या जवळ कापायचा. लांबच डमी मारली तर तुकडा तसाच राहतो. पिवळसर, वास मारणारं पाणी बादलीत पडतं. सोल्यूशन, एंड कॅप, हातानं अर्धा मिनिट दाबून धरणं. काम चाळीस मिनिटांचं, सामान शंभर रुपयांच्या आतलं. स्टोअरकडे मागणी तीन महिन्यांपूर्वीच गेलेली आहे. सामान मामांनी खिशातून आणलंय. पावती जपून ठेवलीय.

संध्याकाळी 6:00
मॅडमचा फोन. डायलिसिसच्या पाण्याचा गेल्या आठवड्याचा नमुना सात दिवसांनी मोजला. एका यंत्राच्या टोकाला मिलिलिटरमागे 62 जंतू. मर्यादा 100 ची असली तरी 50 ला हालचाल करायची असते. रात्री शेवटची पाळी उठली की सगळ्या पाइपांतून जंतुनाशक फिरवायचं, मग धुऊन काढायचं, आणि पट्टी शून्य दाखवेपर्यंत धूत राहायचं. टेक्निशियन थांबणार, मामाही थांबणार. ओव्हरटाइम कंत्राटात नाही. घरी फोन करून ते सांगतात, जेवून घ्या.

रात्री 11:40
पट्टी शून्य. वहीत दोन सह्या.

तुम्ही कुणाला भेटायला हॉस्पिटलात जाल, तेव्हा वॉर्डातल्या हात धुण्याच्या बेसिनमध्ये डबा धुऊ नका, उरलेला चहा, दूध, सलाइन ओतू नका. त्या अन्नावर जंतू पोसतात. आणि एखाद्या नळाला 'उघडू नये' असा कागद बांधलेला दिसला, तर तो सोडू नका.