दोन सर्वो म्हणजे दुप्पट सुरक्षा?

पावसाळ्यात राधानगरी धरणाचा एखादा स्वयंचलित दरवाजा उघडला की कसबा बावड्याचे कान टवकारतात, कारण पंचगंगेची पातळी मोजतात ती इथल्या राजाराम बंधाऱ्यावर: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. धरणाला असे सात दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की त्याच्याच दाबाने ते उघडतात. मोटर नाही, बटण दाबणारा माणूसही नाही. एक रुसला तरी बाकीचे सहा त्याच्यासाठी थांबत नाहीत. रेडिओ कंट्रोलची विमानं बनवणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावं. एलेव्हेटरच्या, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या भागाच्या, एकाच पट्टीला दोन सर्वो (तो हलवणारी छोटी मोटरयंत्रं) जोडले की विमान दुप्पट सुरक्षित होतं, अशी त्यांच्यातल्या अनेकांची समजूत असते.

हिशेब करू. समजा, शंभर उड्डाणांत एकदा सर्वो बिघडतो. मग दोन्ही एकाच उड्डाणात बिघडण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि इथेच माणूस खूश होऊन कागद मिटतो. पण बिघाड कोणत्या जातीचा? गिअरचे दात झडले तर दांडी सैल पडते आणि दुसरा सर्वो भार उचलतो. दात अडकले किंवा आतलं पोटेन्शिओमीटर खोटी जागा दाखवू लागलं, तर मात्र सर्वो भलत्याच कोनात घट्ट धरून बसतो आणि धडधाकट जोडीदार हतबल होतो. म्हणजे अडकण्यापुरतं पाहिलं, तर दुसऱ्या सर्वोने धोका जवळपास दुप्पट केला! शिवाय दोघांचा मध्य केसभर जरी चुकला, तरी उड्डाणभर ते एकमेकांना रेटत राहतात, तापतात आणि बॅटरी खातात.

यावर कोणी म्हणेल, एअरबस ए-३२० च्या एलेव्हेटरलाही प्रत्येक बाजूला दोन जॅक असतातच की. असतात, पण एक काम करतो तेव्हा दुसरा मोकळा राहून फक्त हादरे शोषतो. छंदाच्या सर्वोत अशी सोय सहसा नसते. त्यापेक्षा एलेव्हेटरचे डावा-उजवा असे दोन स्वतंत्र भाग करावेत आणि प्रत्येकाला आपला सर्वो द्यावा. एक अडकला तरी दुसऱ्यावर विमान कसंबसं उतरवता येण्याची आशा राहते. फोमच्या चिमुकल्या विमानाला हा खटाटोप जड होईल, हा आक्षेप मात्र मान्य.

राधानगरीतही डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती चालू असताना यंत्राने चालणारा सर्व्हिस गेट उघडाच अडकला. सातही स्वयंचलित दरवाजे जागेवर होते, पण त्यांचं काम पाणी सोडण्याचं. उघड्या राहिलेल्या दाराला ते काय करणार? जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या डीसी-१० विमानात तर तीन वेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. तिघींच्या नळ्या शेपटातल्या इंजिनाजवळून जात होत्या. त्याचा पंखा फुटला आणि तिन्ही एकदम निकामी झाल्या. ११२ माणसं गेली. हौशी विमानांत हीच चूक स्वस्तात होते: दोन सर्वो, दोन बॅटऱ्या, आणि सगळा प्रवाह एकाच पाच-पन्नास रुपयांच्या स्विचमधून.