पाण्यानेच दिला धीर

आपल्याकडील खेड्यांतून वाढलेल्या अनेकांना पोहण्याचा पहिला धडा आठवत असेल. पाठीला रिकामा डबा किंवा कमरेला सुका भोपळा बांधलेला, काठावर काका किंवा थोरला भाऊ उभा, आणि खाली विहिरीचे हिरवे पाणी! चार गटांगळ्या खाल्ल्या की मूल पोहू लागते, अशी तेव्हा समजूत होती. पुष्कळ मुले तशी शिकलीही. पण ज्यांच्या मनात भीती बसली, ती पुन्हा कधी पाण्याकडे फिरकली नाहीत.

अशीच भीती बसलेली एक मुलगी पुढे ऑलिंपिकपर्यंत पोहोचली आणि स्पर्धेचे दिवस सरल्यावर इतरांच्या मनांतील भीती घालविण्याच्या कामाला लागली. बेंगळुरूच्या जलतरणपटू श्रीमती निशा मिलेट यांची ही हकीकत आहे.

१९८२ साली जन्मलेल्या निशा पाच वर्षांच्या असताना पाण्यात बुडता बुडता वाचल्या. त्या प्रसंगानंतर पाणी म्हटले की त्यांना धडकी भरे. वडील ऑब्रे मिलेट यांनी मात्र मुलीला पाण्यापासून दूर ठेवण्याचा सोपा मार्ग पत्करला नाही. जिची भीती वाटते, ती गोष्ट नीट शिकून घ्यावी, असे त्यांनी ठरविले. १९९१ मध्ये मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, शेणॉयनगर भागातील तलावावर निशा पोहावयास शिकल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्य पातळीवर पदक मिळविले.

पुढे त्यांची कर्मभूमी ठरले ते बेंगळुरू. या नगराला समुद्र नाही, मोठी नदीही नाही. तरीही देशातील उत्तम जलतरणपटू येथे घडले, ते येथील तलाव आणि तेथे पहाटेपासून उभे राहणारे प्रशिक्षक यांच्यामुळे. निशा यांचे प्रशिक्षक श्री. प्रदीपकुमार यांना २०१६ साली द्रोणाचार्य पुरस्काराने गौरविण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी हाच मान श्री. निहार अमीन यांना मिळाला होता. ते स्वतः एके काळचे जलतरणपटू. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने त्यांच्याच हाताखाली बेंगळुरूत सराव केला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणाचे पदक त्यापूर्वी १९८६ साली मिळाले होते.

निशा यांची प्रगती विलक्षण वेगाने झाली. १९९९ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत त्यांनी १४ सुवर्णपदके पटकाविली. १०० मीटर फ्रीस्टाइलचे अंतर एका मिनिटाच्या आत कापणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २००० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये २०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले. उपांत्य फेरी त्यांना गाठता आली नाही. परंतु वय अवघे अठरा होते आणि पुढची संधी समोर दिसत होती.

आणि येथेच दैवाने पाठ फिरविली. २००२ मध्ये त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया करावी लागली. जलतरणात शरीराचा सारा तोल कण्यावर सांभाळला जातो. हात आणि पाय यांची लय तेथेच जुळते. त्यामुळे अशा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शर्यतीत उतरणे ही सामान्य गोष्ट नव्हे. निशा उतरल्या. पण २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची पात्रता अगदी थोडक्यात हुकली. त्यातच खर्चाची ओढाताण होती, आणि स्पर्धात्मक जलतरणातून त्यांनी निवृत्ती पत्करली.

ज्या वयात इतरांचे आयुष्य सुरू होते, त्या वयात खेळाडूचे एक आयुष्य संपलेले असते. पहाटेचा गजर, तलावाच्या फेऱ्या, घड्याळावरची नजर, हे सारे एका दिवशी थांबते. शरीराची जखम वैद्य भरून काढतो. हे रितेपण कोणी भरावयाचे?

श्रीमती मिलेट यांनी पाण्याकडे पाठ फिरविली नाही. बेंगळुरूतच त्यांनी स्वतःच्या नावाने जलतरण अकादमी सुरू केली. तेथे लहान मुले शिकतात आणि पाण्याला घाबरणारी मोठी माणसेही शिकतात. आता घड्याळापेक्षा समोरच्या मुलाचा चेहरा महत्त्वाचा झाला. काठ घट्ट धरून बसलेल्या मुलाला काय वाटते, हे पदकांनी शिकविता येत नाही. ते पाचव्या वर्षी अनुभवलेल्या त्या प्रसंगानेच शिकविले. जुने दुःख असे कोणाच्या तरी उपयोगी पडू लागले की त्याची धार बोथट होते.

भित्र्या मुलाला शिकविण्याची रीत तशी साधी आहे. आधी उथळ पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे काढणे, म्हणजे पाण्यात श्वास सोडण्याची सवय होते. मग आधार घेऊन तरंगणे, त्यानंतर काठाला पाय रेटून पुढे घसरत जाणे. हातापायांच्या हालचाली सर्वांत शेवटी. घाई आणि धाकदपटशा यांना येथे स्थान नाही.

या कामाचे मोल केवळ क्रीडेपुरते नाही. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावतात. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या दुर्घटना टाळण्यासाठी जागृतीचा दिवस म्हणून २०२१ पासून पाळावयास आरंभ केला आहे. प्रत्येक आईबापांनी मुलांना जाणत्या शिक्षकाकडून पोहणे शिकवावे, आणि पोहता येणारे मूलही पाण्यात असताना मोठ्या माणसाने नजर हलवू नये. फुगविलेली रबरी कडी हे खेळणे आहे, रक्षक नव्हे.

विहिरीच्या काठावर आता डबा आणि भोपळा फारसे दिसत नाहीत. पण भेदरलेल्या मुलाला अजूनही एकच गोष्ट हवी असते: "मी येथे आहे" असे सांगणारा एक भरवशाचा हात. ज्याने स्वतः कधी गटांगळी खाल्ली आहे, त्याचा हात अधिक भरवशाचा असतो.