‘मोफत’ घराचा हिशोब

बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाची बातमी आली की ‘मोफत घर’ हे शब्द येतातच. मोफत हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि सरकारी जाहिरातींत कायमचा मुक्कामाला राहिला. मी कवी; शब्द आला की त्याच्या मागे काय आहे ते बघावंसं वाटतं.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या या २०७ चाळी १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. त्या खात्याच्या कामांसाठी कर्ज काढलं, शिवाय शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. तेवढ्यात गिरणगावाचे संसार झाले.

आज ना गाठी, ना गिरण्या. मग पैसा कुठला? म्हाडा रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर देते. त्याच जमिनीवर जादा घरं बांधून बाजारभावाने विकायची आणि त्यातून खर्च भागवायचा. म्हणजे पैसा तिजोरीतून नव्हे, सार्वजनिक जमिनीतून येतो. शिवडीच्या चाळी बंदराच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर. त्या मागे पडल्या त्या यामुळेच.

१४ ऑगस्ट २०२५ला वरळीत ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. आनंद खराच. पण चाळीस मजल्यांची लिफ्ट आणि पाण्याचा पंप दरमहा बिल मागतात. चाळीत ते नव्हतं. देखभालीसाठी किती निधी ठेवला आहे आणि तो किती वर्षं पुरेल, हे प्रत्येक रहिवाशाला किल्लीबरोबरच लेखी मिळायला हवं.